पांचाळसाहेबांची मूळ प्रत

१

पांचाळसाहेबांचं कपाट उघडलं तेव्हा त्यात जुन्या करारांच्या मूळ प्रती होत्या, एक छत्री होती आणि उंदीर पकडायचा पिंजरा होता. बजबजच्या धक्क्याचा करार तेवढा नव्हता. पिंजऱ्यात उंदीरही नव्हता, पण त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. तो कधीच नसायचा.

दुर्गापूजेची सुट्टी संपून ऑफिस उघडल्याचा तो पहिला दिवस. आमची कंपनी नदीवर धक्के बांधते आणि स्वतः न्यू टाउनमध्ये, म्हणजे नदीपासून जमेल तितक्या लांब, बसते. दत्तात्रय पांचाळ आमचे करार व्यवस्थापक होते. 'होते' लिहायचा हात अजून वळलेला नाही. नवमीला दुपारी ते जेवायला पानावर बसले आणि पहिला घास घ्यायच्या आत गेले. कलकत्त्यात नवमीला अ‍ॅम्ब्युलन्सला रस्ता मिळत नाही. पण डॉक्टर म्हणाले, मिळून उपयोग नव्हता.

आमचे संचालक शौनक सेनगुप्ता पिंजऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिले, जणू करार त्यात सापडायचा राहून गेला असावा. मग त्यांनी नूपुरकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक साहेबांच्या खिशात मिळाली, ती त्यांच्या पत्नीने, काकूंनी, पाठवून दिली. दुसरी साहेबांची सहायक नूपुर सबनीस हिच्या गळ्यात, ओळखपत्राच्या दोरीला.

हा करार पंचमीला, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी झाला होता. सह्यांच्या वेळी साहेबांनी एका कलमाखाली स्वतःच्या हाताने एक वाक्य वाढवलं: खांब ठोकताना शेजारच्या घरांना तडे गेले, तर ती ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची. ठेकेदार हरेन रक्षित यांनी शेजारी सही केली. आता खांब ठोकायला सुरुवात झाली होती, घरांना तडे गेले होते आणि रक्षित म्हणत होते, कसलं वाक्य? संगणकात होती ती प्रत सह्यांच्या आधीची. सह्यांनंतरची प्रत स्कॅन करायचं काम नूपुरचं होतं. ते तिने केलं नव्हतं.

मी अजेय, एचआरमध्ये आहे. सेनगुप्तांनी मला केबिनमध्ये बोलावून दोन कामं दिली. पहिलं, करार गायब झाल्याची चौकशी. दुसरं, नवीन करार व्यवस्थापकासाठी जाहिरात, अंगी कोणते गुण हवेत ते नीट लिहून. दोन्ही शुक्रवारपर्यंत. आठवड्याच्या शेवटी बजबजची बैठक होती. तोवर करार मिळाला नाही तर नूपुरला काढायचं, हेही त्यांनी त्याच सुरात सांगितलं, एसी कमी करायला सांगावं तसं.

मी दोन्ही कामं एकत्र करायचं ठरवलं. प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे. करार कुठे आहे, आणि पांचाळसाहेब चांगले होते म्हणजे नेमके कसे होते. माझा अंदाज होता की पहिल्याचं उत्तर कुणीच देणार नाही.

तो बरोबर निघाला. पहिल्याचं उत्तर लपलं होतं दुसऱ्यात.

२

सियालदहहून लोकल पकडून बजबजला गेलो. रक्षितबाबूंचं ऑफिस धक्क्याला लागून आहे. खांब ठोकला की टेबलावरचा चहा एक उडी मारतो. ते उठून उभे राहिले, साहेबांचं नाव निघताच त्यांचे डोळे भरून आले, आणि भरलेल्या डोळ्यांनीच त्यांनी सांगितलं की असं कुठलं वाक्य नव्हतं.

मी गुण विचारले. ते म्हणाले, माणूस वाचायचा. हा आजार असतो. करार शेवटच्या पानापासून मागे वाचत यायचा. म्हणायचा, लबाडी करणारा शेवटाकडे येईतो दमतो, तिथे सापडतो. आणि ओशाळं करायचा. पंचमीला मी संदेश मिठाईचा डबा नेला, पूजेची भेट म्हणून. त्याने एक उचलला, डबा परत दिला आणि एका संदेशाची पोच लिहून दिली.

ती पोच त्यांनी काचेत बसवून भिंतीला लावली होती. 'एक नग मिळाला. चव चांगली.' खाली सही.

मी म्हणालो, ज्याची पोच तुम्ही फ्रेम करून लावलीत, त्याचं वाक्य नाकारता? बाहेर खांबावर घाव पडला, आणि फ्रेम थोडी तिरपी झाली ती त्यांनी उठून सरळ केली.

परतताना त्या घरांवरून गेलो. एका घरातल्या म्हातारीने मला आत नेऊन भिंतीतली भेग दाखवली. तिने तिच्यात बोट घातलं, ते पेरापर्यंत गेलं.

३

रक्षितांनी करार नेला का, हे सांगू शकणारा माणूस म्हणजे आमचे गेटवरचे तिवारीजी. ऑफिसमधून जाणारी प्रत्येक पिशवी ते उघडतात. हा नियम पांचाळसाहेबांचाच: मूळ कागद इमारतीबाहेर जाता कामा नये. साहेब स्वतः रोज संध्याकाळी न सांगता डबा उघडून दाखवायचे. तिवारीजी म्हणाले, पाच वर्षं मी त्यांची उरलेली भाजी तपासतोय. कारलं आवडायचं नाही त्यांना.

पंचमीला रक्षितांची पिशवी उघडली होती, आत संदेशचा डबा. नूपुरची उघडली, आत छत्री आणि दुसरी छत्री. मग मात्र सगळे पूजेच्या तयारीने निघाले आणि तपासणी जरा ढिली पडली, असं ते म्हणाले. सेनगुप्तासाहेबांच्या हातात पितळी कलश. अकाउंट्सच्या बाईंकडे नारळ. पांचाळसाहेबांकडे लाल कापडात बांधलेलं पूजेचं काहीतरी. कँटीनवाल्याकडे मातीचा सिंह.

मी विचारलं, सिंह कशाला?

तिवारीजी म्हणाले, त्याच्या पाड्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, देवीच्या सिंहाचं शेपूट तुटलं होतं, बदली सिंह न्यायचा होता. पूजेच्या वस्तूंची तपासणी काय करायची, मी सगळ्यांना हात जोडले. सिंहाला दोनदा.

मी सिंहात करार मावेल का याचा बराच विचार केला. मावला असता. पण कँटीनवाल्याला करार कशाला हवा, हे जमेना.

मग तिवारीजींनी आवाज उतरवला. सप्तमीला, भर सुट्टीत, नूपुर आली होती. वर गेली, थोड्याच वेळात खाली आली, आणि धावत बाहेर पडली. तिच्या हातात काहीच नव्हतं. पण ती रडत होती.

४

एस्प्लनेडला मेट्रोच्या तोंडाशी एक चहावाला आहे, तिथे दुपारी नूपुरला भेटलो. तिचे बाबा बँकेच्या बदलीवर इथे आले आणि राहिले. ती इथेच जन्मली. तिचं मराठी घरात वाढलेलं, आणि घर लहान आहे.

"अजेयदा, लिहून टाका," ती म्हणाली. "करार मीच हरवला."

मी म्हणालो, लिहितो, पण आधी कसा हरवला ते सांग, नाहीतर जाहिरातीत लिहावं लागेल की उमेदवाराला कागद न हलवता हरवता यायला हवेत.

ती हसली नाही. चहाचा मातीचा कप हातात फिरवत राहिली. मग तुकड्या-तुकड्यांनी आलं ते असं. पंचमीला गडबडीत स्कॅन राहिलं. सप्तमीला आठवलं, म्हणून ती आली, कपाट उघडलं, करार नाही. तिने तिथूनच साहेबांना फोन लावला.

"सर काय म्हणाले?"

"म्हणाले, घाबरू नको. जिथे आहे तिथे त्याला कोणी हात लावणार नाही. ऑफिस उघडलं की बोलू."

म्हणजे करार साहेबांनीच नेला होता. ज्यांनी नियम केला त्यांनी. आणि चार दिवसांनी ठेकेदार छातीठोकपणे सांगत होता की वाक्य नव्हतंच. नूपुरने या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या होत्या, आणि त्यातून जो अर्थ निघत होता तो तिला कुणाला सांगायचा नव्हता. मलाही नाही. तिला वाटत होतं की साहेबांनी तो करार रक्षितांना देऊन टाकला.

"लोक काकूंना काय म्हणतील?" ती म्हणाली. "माझी नोकरी जाईल तर जाईल. मी दुसरा शोधेन."

मी तिला विचारलं, सर चांगले होते म्हणजे कसे. ती म्हणाली, रागावायचे नाहीत. समोरचा खोटं बोलत असला तरी त्याला पाणी विचारायचे. सगळ्यात वाईट काय होईल ते आधी लिहायचे आणि ते होऊ नये म्हणून झटायचे. कराराला हत्यार म्हणायचे. म्हणायचे, याला धार लावून ठेव, म्हणजे चालवायची वेळ येत नाही. आणि दरवर्षी पूजेच्या आधी एक विचित्र प्रश्न विचारायचे: यंदा आपल्याला सगळ्यात जास्त कुणी रडवलं? मी सांगायची तो करार ते वेगळा काढून ठेवायचे.

"कशाला?"

"मला वाटायचं माझा अप्रेझल करतात."

५

जाहिरात लिहायला मी साहेबांच्याच खोलीत बसलो. 'उमेदवाराने शेवटून वाचावे' इथवर आलो आणि अडलो. समोर कपाट होतं, कपाटात पिंजरा.

त्या पिंजऱ्याची गोष्ट ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. साफसफाई करताना साहेबांच्या जुन्या करारांत तांदळाचे लालसर-पिवळे दाणे सापडले. दाणे बिर्याणीचे ठरले. बिर्याणी खाणारा उंदीर आहे असं ठरलं. तीन विभागांना समज देणारी नोटीस निघाली आणि पिंजरा आला. साहेबांनी त्या वेळी काही म्हटलं नव्हतं. नोटिशीवर सही मात्र केली होती, 'वाचले' अशी.

मी पहिल्यांदाच त्या प्रती उघडून पाहिल्या. बहुतेकींत काहीच नव्हतं. वर्षाला एक, अशा मोजक्या करारांत मात्र पानांच्या बेचक्यात दाणे होते. मी एक उचलून दाताखाली धरला. एचआरच्या कामात हे बसतं की नाही ठाऊक नाही. दाणा कडक होता, टोकं शाबूत. कलकत्त्यातली बिर्याणी कितीही वाईट असली तरी ती कच्च्या तांदळाची नसते.

आणि दाणा लाल होता तो कुंकवाने.

मी दाणा तसाच दाताखाली धरून बसलो. माझ्या आजोळी नवमीला शिलाई मशीन धुऊन पुसून पाटावर ठेवायचे, त्यावर हळद-कुंकू, अक्षता, झेंडू. ज्याचं जे हत्यार त्याची त्या दिवशी पूजा. दसऱ्याला अक्षता टाकून ते हलवायचं, तोवर त्याला कोणी हात लावायचा नाही. सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री. पांचाळसाहेबांचे वडील मिरजेला सुतारकाम करायचे, हे त्यांच्या शोकसभेत मीच वाचून दाखवलं होतं. त्यांच्या मुलाकडे कुठलं हत्यार होतं?

यंदा ज्याने सगळ्यात जास्त रडवलं ते. लाल कापडात. तिवारीजींनी त्याला हात जोडले होते.

आता एकच उरलं. दसऱ्याला पूजा हलवायची, आणि साहेब नवमीलाच गेले. घरात सुतक आलं. सुतकात घरचं माणूस देवाला शिवत नाही. म्हणजे करार जिथे ठेवला तिथेच होता, आणि साहेब म्हणाले होते तसं, त्याला कोणीही हात लावला नव्हता.

६

लेक गार्डन्सला त्यांच्या घरी प्रेमलताकाकू एकट्याच होत्या. मुलगा अमेय अस्थी घेऊन नाशिकला गेला होता. नूपुर आणि मी आत गेलो तेव्हा त्यांनी सवयीने तिला विचारलं, जेवलीस का. देवघरापुढे साडीचा पडदा ओढलेला होता.

ऑफिसातून फोन आला होता, त्या म्हणाल्या. काही कागद घरी आहेत का विचारत होते. मी नाही म्हटलं. ऑफिसची पेन्सिल ते घरी आणायचे नाहीत. लहानपणी अमेयने मागितली तर त्याला दुकानात नेलं होतं.

मी लाल कापडाचं विचारलं.

"त्यांच्या वडिलांची पटाशी आहे त्यात," काकू म्हणाल्या. "दरवर्षी मांडतात. गाठ तेच बांधतात, तेच सोडतात. मी कधी पाहिलं नाही."

मी शक्य तितक्या सरळ सांगितलं की आत आणखी काय असावं. काकू ऐकत राहिल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. मग त्या पडद्यापुढे येऊन उभ्या राहिल्या, अगदी सहज, वाऱ्याने हलू नये म्हणून उभं राहावं तशा.

"त्यांनी मांडलंय ते," त्या म्हणाल्या. "अजून मांडलेलं आहे. ते हलवलं की झालंच मग सगळं."

मी बजबजच्या भिंतीचं सांगायला तोंड उघडलं. नूपुरने माझा हात धरला.

"राहू दे, काकू," ती म्हणाली. "आम्ही जातो. तुमचं होईल तेव्हा कळवा."

काकूंना माहीत नव्हतं की शुक्रवारी तिचं काय होणार आहे. मला राहवलं नाही, ते मी सांगितलं. नूपुरने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

बाहेर कुणाच्या तरी मांडवाचे बांबू उतरवत होते, त्यांचा आवाज येत होता.

"ते तुला फोनवर काय म्हणाले होते?" त्यांनी नूपुरला विचारलं.

"घाबरू नको म्हणाले."

काकू बाजूला झाल्या. "मला शिवता यायचं नाही. तू कर. मी इथून सांगते."

नूपुरने हातपाय धुतले. काकू दारातून सांगत गेल्या, अक्षता कुठल्या डब्यात, उजव्या हाताने घे, थोड्याच. झेंडू वाळून काळा पडला होता. समईची वात अर्धी जळून विझली होती. नूपुरने अक्षता टाकल्या आणि पुढे काय म्हणून मागे पाहिलं.

"पुन्हा या म्हणायचं असतं," काकू म्हणाल्या, आणि तिथे त्यांचा आवाज थांबला. "कुणाला म्हणू गं?"

नूपुरने ते म्हटलं. हळू, चुकत. मग बोचकं जरासं उत्तरेला सरकवलं, उचललं आणि गाठ सोडली.

आत पटाशी होती, तेल लावलेली. तिच्याखाली बजबजचा करार. हाताने लिहिलेल्या वाक्याशेजारी दोन सह्या, आणि त्यांच्यावर कुंकवाचं बोट. करारावर एक चिठ्ठी टाचलेली होती. मी ती मोठ्याने वाचली, कारण काकूंना चष्मा सापडेना.

'करार व्यवस्थापक यांस. बजबजची मूळ प्रत पूजेसाठी सुट्टीपुरती घरी नेण्यास परवानगी मिळावी. आपला, द. पांचाळ.'

खाली दुसऱ्या शाईत: 'नियमाला अपवाद नसावा, तरी मंजूर. ऑफिस उघडेल त्या सकाळी परत करावी. उशीर झाल्यास कारण लेखी द्यावे. द. पांचाळ, करार व्यवस्थापक.'

काकू आधी हसल्या. अगदी खरं हसल्या, पदर तोंडाला लावून. नंतर तो पदर त्यांनी खाली घेतलाच नाही.

७

बैठकीत रक्षितबाबू आले. करार त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचण्याआधी कुंकू पाहिलं आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. जोडलेले हात सोडवून 'ही सही माझी नाही' म्हणणं अवघड असतं. ते त्यांना जमलं नाही. त्यांनी पाणी मागितलं, आणि त्या घरांचं काम महिनाअखेर सुरू करतो म्हणाले.

सेनगुप्तांनी चिठ्ठीचा अर्थ विचारला. मी म्हणालो, गेटपास आहे. ते म्हणाले, अर्ज करणारा आणि मंजूर करणारा एकच? मी म्हणालो, हो, पण अट घातलीय. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट केली, पेन उचललं, काही लिहिलं नाही, आणि नूपुरकडे देऊन म्हणाले, मग रेकॉर्ड पूर्ण करा.

जाहिरात अजून माझ्याकडेच आहे. 'समोरच्याला पाणी विचारावे' ही ओळ सेनगुप्तांनी दोनदा खोडली, मी तिसऱ्यांदा घातली आहे.

नूपुर त्या दुपारी साहेबांच्या टेबलाशी चिठ्ठी घेऊन बसली. उशीर झाला होता, आणि कारण लेखी द्यायचं होतं. ती एकदा लिहायला वाकली, थांबली, मला विचारलं की मराठीतच लिहायला हवं ना. मी हो म्हणालो. मग तिने लिहिलं. मी शेजारून वाचलं. त्यात एक चूक होती, ती मी दुरुस्त केली नाही.

'कारण: सर आले नाही.'

तिने चिठ्ठी कराराला परत टाचली, करार कपाटात ठेवला आणि पिंजरा थोडा बाजूला सरकवला. काढला नाही.